चार रिंगा : आहात तिथंच थांबा

मोबाईल फोन घ्यायला अक्कल लागत नाही, पैसे लागतात. अक्कल लागते ती घेतल्यानंतर, आणि ती दुकानात मिळत नाही. ती शेजारी देतात, अगदी फुकट, आणि नको म्हटलं तरी देतात.

ही गोष्ट दोन हजार दोन सालातली. तेव्हा फोन करणाऱ्याला पैसे पडत, ते ठीकच; पण फोन घेणाऱ्यालाही पडत. म्हणजे कुणी आपल्याला ‘काय, बरं हाय न्हवं?’ असं विचारलं, तर बरं असल्याचा दंड आपणच भरायचा. आजच्या मुलांना हे सांगितलं तर ती आपल्याकडे दयेनं बघतात. पण तेव्हा आम्हाला यात काही गैर वाटत नव्हतं. शिवाजी पेठेतल्या पाहुण्यांकडे लग्नाला गेलो तर आहेर आपणच द्यायचा आणि पंगतीत वाढायलाही आपणच लागायचं, ही सवय होती.

मी दादासो सयाजी खोत. शाहूपुरीत राहतो. तेव्हा एका सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवहीवर बसून मला सव्वीस वर्षं झाली होती. ‘माझ्या हातून आजवर एक कागद हरवला नाही’ असं मी चारचौघांत सांगायचो. आता सांगत नाही. कागद निवृत्त होईपर्यंत हरवला नाही, पण हे वाक्य तोंडातून निघालं की आमच्या घरातले सगळे खाली मान घालून हसतात.

मोबाईल घरी आला त्या संध्याकाळी पहिला सल्ला आकाराम चौगुल्यांचा. हे आमचे डावीकडचे शेजारी. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांनी माझ्या आधी पंधरा दिवस मोबाईल घेतला होता, त्यामुळे या विषयातले ते वडीलधारे.

“दादासो,” ते म्हणाले, “वरच्या खिशात ठिवू नगा. काळजाला झळ लागती. खालच्या खिशातबी ठिवू नगा. त्यानं काय हुतंय ते मागनं सांगतो, हितं बायकामानसं हायत.”

“मग ठेवू कुठं?”

“पट्ट्याला. ही बगा पिशवी.” त्यांच्या कमरेला कातडी पिशवी होती आणि तिला हात लावून ते दुकानात असे फिरत, की गिऱ्हाईक आपोआप भाव करायचं थांबे.

आमच्या मंडळींनी, म्हणजे वर्षाराणीनं, फोनला हळदकुंकू वाहिलं. नवी वस्तू घरात आली की हे होतंच. आमच्या मिक्सरच्या कपाळावर अजून ते कुंकू आहे. फोनचं मात्र पाच नंबरचं बटण त्यानंतर दोन दिवस आत बसलं ते वर येईना. त्या दोन दिवसांत ज्यांच्या नंबरात पाच नाही अशाच लोकांशी आमचे संबंध राहिले.

आता मूळ मुद्दा. फोन आहे पण बोलायचं नाही, अशा परिस्थितीत माणूस काय करतो? मिस्ड कॉल देतो. वाजवायचा, आणि समोरच्यानं उचलायच्या आत तोडायचा. अख्खं कोल्हापूर हेच करत होतं. पण अख्खं कोल्हापूर ते गबाळेपणानं करत होतं. मिस्ड कॉल आला, पण कशासाठी आला हे कळायचं कसं? शेवटी माणूस ‘कशासाठी मिस्ड कॉल दिलता?’ हे विचारायला फोन करायचा, आणि पैसे जायचे ते जायचेच.

मी ही गोष्ट पद्धतीत बसवली. पौर्णिमेला दोन घरांनी मिळून नृसिंहवाडीला जायचं ठरलं होतं, आमचं आणि चौगुल्यांचं. दोन गाड्या, म्हणजे त्यांची जीप आणि आमची ड्रायव्हरसकट भाड्यानं घेतलेली व्हॅन; आणि दोन मोबाईल. मी रीतसर नियमावली केली आणि दोन प्रती काढल्या. एक रिंग : जेवायला या. दोन रिंगा : घाटावर या. तीन रिंगा : गाडीपाशी या. चार रिंगा : आहात तिथंच थांबा, आम्ही न्यायला येतो. खाली लाल शाईनं टीप : कोणत्याही परिस्थितीत, कुणीही, फोन उचलायचा नाही.

उजवीकडचा शेजारी प्रसेनजीत कांबळे टेलिफोन खात्यात इंजिनियर आहे. वयानं लहान, हुशार पोरगा. त्यानं कागद वाचला आणि चहाचा कप खाली ठेवला.

“काका, एक अडचण आहे. तुमच्या कानात वाजते ती रिंग आणि तिकडं वाजते ती रिंग एक नसते. तुम्ही इकडं चार मोजल्या तर तिकडं कदाचित तीनच वाजलेल्या असतील. रेंज नसली तर एकच.”

“प्रसेनजीत,” मी म्हणालो, “तू इंजिनियर आहेस. पण व्यवहार निराळा असतो.”

तो हसला, चहा संपवला आणि गेला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदावर ‘त्रुटी’ असा शेरा मारणाऱ्या माणसाला स्वतःच्या कागदावरची त्रुटी दाखवली तर ती दिसत नाही, एवढंच मी आज म्हणेन.

तालीम घरातच झाली. मी चौगुल्यांचा फोन घेऊन गॅलरीत उभा राहायचो आणि आत रिंगा वाजवायचो. वर्षाराणीनं दोनदा फोन उचलला आणि “हॅलो, कोन बोलतंय?” असं विचारलं. मी गॅलरीतून ओरडलो, “मी!” तर ती म्हणाली, “मग आत येऊन सांगा की.” ती नापास. श्रुती, आमची अकरावीतली मुलगी, पास. पण तिच्या चेहऱ्यावर जे भाव होते त्याचे गुण मी कापले.

पहिली आली ती आमची आई. तानाबाई सयाजी खोत, वय वर्षं चौऱ्याहत्तर. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सही करायला शिकली तीही साक्षरतेच्या वर्गात, साठीनंतर. पण बोटांच्या पेरांवर रिंगा मोजताना ती एकदाही चुकली नाही. “दोन. घाटावर.” “चार. थांबायचं.” आणि लाल शाईतली टीप तर तिनं अशी मनावर घेतली, की फोन वाजला की ती दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. मला आईचा फार अभिमान वाटला. माणसानं कधी कधी कमी अभिमान बाळगावा.

वाडीला आम्ही सकाळी पोचलो. दर्शन झालं, पालखीमागून फिरलो, कवठाची बर्फी घेतली, जेवणं झाली, वर बासुंदी झाली. दुपारी मला संगमावर डुंबायची लहर आली. इथं एक सूचना करून ठेवतो : नदीत उतरताना फोन कुणाकडे दिला ते लक्षात ठेवावं. मी तो आईकडे दिला. तिनं कमरेची चंची सोडली, पान, चुना आणि तंबाखूच्या मधोमध फोन बसवला, आणि चंची परत कमरेला खोचली. घाटाच्या पायरीवर हळदकुंकवाचं दुकान मांडून बसलेल्या चिमणाबाई नावाच्या बाईशी तिचं तोवर मैत्र जमलं होतं.

परतायला निघालो तेव्हा गर्दी अशी की चप्पलसुद्धा आपली आपण शोधायची. आईचे गुडघे आमच्या व्हॅनमध्ये आखडतात, म्हणून येताना मध्येच ती चौगुल्यांच्या जीपमध्ये पुढे बसली होती. मला वाटलं, जाताना ती तिकडंच बसली. चौगुल्यांना आणि त्यांच्या बायडाबाईंना वाटलं, म्हातारी आपल्या लेकाच्या गाडीत बसली. दोन्ही गाड्या मोठ्या आनंदात निघाल्या. शिरोळ गेलं. जयसिंगपुरात चहाला थांबलो.

मी कपबशी घेऊन जीपपाशी गेलो. “आईला बशीत द्या, तिला कपानं चालत नाही.”

बायडाबाई म्हणाल्या, “आत्या तुमच्यात न्हाईत व्हय?”

कपबशी कुणी धरली, कुणास ठाऊक. माझ्या हातातून ती गेली होती.

पुढचं एक मिनिट मला नीट आठवत नाही. वर्षाराणीचा आवाज तेवढा आठवतो. “अहो, नदी हाय तितं. गुडघं धरत न्हाईत त्यांचं. बी.पी.ची गोळीबी माज्या पर्समदी हाय.” ती हे ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली.

“घाबरू नगा,” चौगुले म्हणाले, “फोन हाय की त्यांच्याजवळ!”

खरंच की! मी त्यांच्या पट्ट्यावरून फोन ओढून घेतला आणि लावला. वाजला. वाजतच राहिला. आठ, नऊ, दहा. “उचल, आई, उचल,” मी म्हणत होतो. सतरा रिंगा झाल्या आणि फोन आपोआप तुटला. परत लावला. परत तेच. आणि मग मला दिसलं, डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं : वाडीच्या घाटावर फोन वाजतोय आणि आई दोन्ही हात पाठीमागे घेऊन बसलीय. लाल शाईनं मीच लिहिलं होतं. कोणत्याही परिस्थितीत.

श्रुती म्हणाली, “पप्पा, आज्जी उचलणार नाही. पण ती रिंगा मोजते.”

ही पोरगी माझ्यावर गेलीय, असं मला त्या क्षणी वाटलं. चार रिंगा! आहात तिथंच थांबा! मी फोन लावला, कानात नीट चार मोजल्या आणि तोडला. जीव भांड्यात पडला. जीप बायडाबाईंसकट जयसिंगपुरातच ठेवली, चौगुले आमच्या व्हॅनमध्ये घुसले आणि आम्ही उलटे निघालो.

आता, आवक-जावकमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड असते. एक पत्र पाठवलं की त्याला चैन पडत नाही. स्मरणपत्र पाठवावं लागतं. शिरोळच्या आसपास मी परत चार रिंगा दिल्या. म्हणजे द्यायला लागलो. मध्येच रेंज गेली. वाडी जवळ आल्यावर दुसरं स्मरणपत्र. तेव्हा एक बाई फोनमध्ये बोलायला लागली, की संपर्क होऊ शकत नाही, थोड्या वेळानं प्रयत्न करा. चौगुल्यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि त्या बाईला सांगितलं, “अवो ताई, म्हातारं मानूस हाय, वाईच बगा की!” तिनं तेच वाक्य परत म्हटलं. “लई ताठ्याची बाई हाय,” चौगुले म्हणाले आणि स्वतः परत लावून, चार मोजून, तोडला.

घाटावर पळत गेलो. चिमणाबाई होती. आई नव्हती.

“हितंच बसलेली की माज्यापाशी,” चिमणाबाई म्हणाली. “आदी लई वाजला फोन. मी म्हटलं, उचला की. तर म्हनती, सोळा वाजल्या, सोळाचं काय ते कागदावर न्हाय. मग परत वाजला. पेरं मोजली आन् म्हनाली, तीन झाल्या, गाडीपाशी बोलवलंय पोरानं. ग्येली.”

तीन. मी चार दिल्या होत्या. प्रसेनजीतचा चहाचा कप मला आठवला.

गाड्या उभ्या करायच्या मैदानावर गेलो. तिथला पावत्या फाडणारा माणूस म्हणाला, “हिरवं लुगडं? आलती की, पावणं. त्या लिंबाखाली उभी हुती. फोन वाजला. एकच वाजली म्हनाली. ‘जेवायला बोलावलंय, आत्ता तर जेवलो, पर पोराचा शब्द कसा मोडायचा’ असं म्हनत ग्येली बगा.”

जेवलो होतो त्या खाणावळीत गेलो. मालक आनंदानं म्हणाला, “आज्जी व्हय? आल्या, बसल्या. म्हनल्या, पोरं येतीलच. तवर एक वाटी बासुंदी खाल्ली. मग फोन वाजला आन् उठल्या. घाटावर जायचंय म्हनल्या.”

घाटावर परत गेलो. चिमणाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, “तुमी तिकडनं गेला आन् ती हिकडनं आली! बसली हुती. आत्ता परत वाजला की. मोजलं आन् ग्येली!”

“आत्ता कुणी लावला?” मी ओरडलो.

चौगुले मागे फोन घेऊन उभे होते. “मी,” ते म्हणाले. “म्हटलं, थांबा म्हनून आटवन करावी.”

श्रुतीनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. मग ती मला म्हणाली, फार हळू, आणि म्हणूनच जास्त लागलं, “पप्पा, आज्जी हरवलेली नाही. आपणच तिला पळवतोय. गुडघ्यांनी.”

ऊन उतरलं होतं. पौर्णिमेची गर्दी वाढत होती. घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या आणि त्या पायऱ्यांवरून आमची आई, माझ्या हुकमावर, वर-खाली करत होती. नदीकडे मला बघवेना. खरं सांगतो, मी भ्यालो होतो. लहानपणी जोतिबाच्या जत्रेत आईचं बोट सुटलं होतं, तेव्हा भ्यालो होतो, त्याच्यापेक्षा जास्त. तेव्हा शोधायला ती होती.

“माईकवरनं पुकारू या,” वर्षाराणी म्हणाली.

कुठल्याशा सेवा मंडळानं पौर्णिमेपुरता मांडव घातला होता, त्यावर ‘चौकशी’ अशी पाटी. टेबलामागे गुंडूअण्णा नावाचे साठीचे गृहस्थ, दोरीनं बांधलेला चष्मा, पुढ्यात जाडजूड वही.

“काय हरवलंय? वस्तू का व्यक्ती?” त्यांनी विचारलं.

“आई. आणि फोन.”

“मग दोन वह्या. वस्तूची येगळी, व्यक्तीची येगळी. आदी काय?”

“आई हो!”

“शांत. हितं सगळ्यांचं हरवलंय.” त्यांनी वही उघडली आणि एकेक अक्षर गिरवत तारीख लिहू लागले. ‘पौर्णिमा’ लिहायला त्यांना जो वेळ लागला, त्यात माझा धीर सुटला. तिकडे आई कुठे आहे पत्ता नाही आणि इकडे हा माणूस वेलांटी फिरवतोय! शिवाय नोंदवही म्हणजे माझा प्रांत. मी वही माझ्याकडे ओढली, म्हटलं, “द्या, मी लिहितो, सव्वीस वर्षं हेच करतोय,” आणि अर्ध्या मिनिटात एका हातानं सगळे रकाने भरून टाकले. नाव, वय, पत्ता, कपडे, ओळखीची खूण, शेवटी सही. गुंडूअण्णा कौतुकानं बघत राहिले. वही त्यांनी माईकवाल्याकडे सरकवली.

कर्ण्यातून आवाज आला आणि सगळ्या वाडीनं ऐकला :

“ऐका हो ऐका. कोल्हापूर शाहूपुरी येथील दादासो सयाजी खोत, वय वर्षं बावन्न, हे गर्दीत हरवले आहेत. अंगावर हिरवं इरकली लुगडं, डोक्यावर पदर, चालताना उजवा गुडघा धरतात. त्यांच्या आई तानाबाई त्यांचा शोध घेत आहेत. कुणास आढळल्यास चौकशी मांडवात आणून सोडावे.”

मी वहीकडे बघितलं. पहिला रकाना ‘हरवलेल्या व्यक्तीचे नाव’ असा होता, आणि दुसरा ‘शोध घेणाऱ्याचे नाव’. कचेरीत पहिल्या रकान्यात नेहमी अर्जदाराचं नाव येतं. माझा हात सव्वीस वर्षं पहिल्या रकान्यात अर्जदाराचं नाव लिहीत आला होता. त्यानं इथंही तेच लिहिलं, वयासकट. कपडे आणि खुणा मात्र मन लावून आईच्या लिहिल्या.

मांडवाबाहेर माणसं थांबायला लागली. “बावन्न वर्षांचा बाप्या आन् लुगडं?” एक जण म्हणाला. एक आजीबाई म्हणाल्या, “काय तरी नवस आसंल बिचाऱ्याचा.” चौगुले तोंडावर रुमाल धरून दुसरीकडे बघत होते, त्यांचे खांदे हलत होते.

“चूक झाली!” मी गुंडूअण्णांना म्हणालो. “ताबडतोब दुरुस्त करा!”

गुंडूअण्णांनी चष्मा वर केला. “तुमीच लिवलंय. सही हाय खाली. आता लेखी दुरुस्ती पायजे. अर्ज द्या.”

हे वाक्य मी सव्वीस वर्षांत किती माणसांना ऐकवलं असेल, याचा हिशोब वर कुठं ठेवला असेल तर तो त्या मांडवात चुकता झाला. मी मुकाट्यानं कोरा कागद घेतला आणि ‘विषय : हरवलेल्या इसमाच्या नावात बदल करणेबाबत’ असं लिहायला बसलो. दुसऱ्या ओळीपर्यंत आलो असेन.

“बाजूला सरका! सरका की रं! कुठं हाय माजं पोरगं?”

गर्दी फाकली. हिरवं इरकली लुगडं, डोक्यावर पदर, हात उजव्या गुडघ्यावर. आई तरातरा टेबलापाशी आली आणि गुंडूअण्णांसमोर उभी राहिली. “दादू माजा. हरवलाय म्हनून आयकलं. लुगडं नेसून फिरतोय म्हनं. असा न्हवता वो तो. ऊन लागलं का काय त्येला?”

“आई,” मी म्हणालो.

ती वळली. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. पँट बघून तिला धीर आला. मग ती पुढे आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “कुठं गेलतास रं?”

मी बावन्न वर्षांचा माणूस, सरकारी नोकर, त्या मांडवात, कर्णा चालू असताना, ढसाढसा रडलो. वर्षाराणी रडली. श्रुती आज्जीच्या गळ्यात पडली. आईनं पदरानं माझे डोळे पुसले, चंची सोडली, आतून एक पेढा काढला आणि माझ्या तोंडात घातला. त्याला तंबाखूचा वास होता. मी तो पूर्ण खाल्ला.

“थांबा,” गुंडूअण्णा म्हणाले. “न्यायच्या आदी सही. हरवलेला इसम ताब्यात मिळाल्याची.”

मी वहीकडे हात केला. त्यांनी तो बाजूला सारला. “तुमी न्हवं. तुमी हरवलेले. त्यांनी करायची.”

आणि आईनं पेन घेतलं. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत, तिनं सही केली. तानाबाई. खाली गुंडूअण्णांनी शेरा मारला आणि मोठ्यानं वाचून दाखवला : “मुलगा मिळाला. सुस्थितीत. तक्रार नाही.” मी आजवर पाहिलेल्या नोंदींत ही एकच अशी, की जिच्यात मला त्रुटी काढावीशी वाटली नाही.

व्हॅनमध्ये आईला पुढे बसवलं, पाय लांब करून. गोळी दिली. मी मागे बसलो. वाडी मागे पडल्यावर माझ्यातला शहाणा जागा झाला.

“आई, अगं एवढा फोन वाजत होता. हिरवं बटण दाबायचं, एवढंच. श्रुतीनं शिकवलं नव्हतं का तुला?”

“शिकीवलंय की. येतंय मला.”

“मग उचलला का नाहीस?”

आई पुढे रस्त्याकडे बघत होती. “उचलला असता तर तुजं पैसं गेलं असतं. मग घरी जाऊन तू म्हैनाभर बोलत बसला असतास, ह्येनी उचलला, त्येनी उचलला. त्यापरास हरवनं परवडलं.”

चौगुल्यांनी पट्ट्यावरच्या पिशवीचं बटण एकदा उघडलं आणि एकदा लावलं.

मी पुढे वाकलो. “आई, फोन आहे ना चंचीत? कुणाशी बोलायचंय तुला?”

“कुनाशी बोलू आता?”

“कुणाशीही.”

तिनं जरा विचार केला. मग कागलजवळच्या तिच्या थोरल्या बहिणीच्या घरचा नंबर तोंडपाठ सांगितला. श्रुतीनं लावून दिला. फोनला चुना लागला होता. आईनं तो लुगड्याला पुसला आणि कानाला धरला, दोन्ही हातांनी.

“अंबूबाई, मी गं, तानी. मोबाईलवरनं बोलतोय. वाडीला आलतो. व्हय, झालं दर्शन. अगं, काय सांगू, आमचा दादू हरवलेला आज. व्हय, वाडीत. माईकवर पुकारलं की... न्हाय न्हाय, घावला. मीच जाऊन सोडवून आनला. सही करून.”

चौगुल्यांनी परत रुमाल काढला. शिरोळ आलं, गेलं. आई बोलत होती. बासुंदी कशी होती ते झालं, चिमणाबाईच्या सुनेचं झालं, वाडीच्या पायऱ्यांचं झालं. जयसिंगपुरात बायडाबाई जीपमधून उतरून पळत आल्या, आणि आईनं त्यांना हातानं ‘थांब, बोलतोय’ अशी खूण केली. मी घड्याळाकडे बघितलं नाही. मला इतकं बरं वाटत होतं, की ती कोल्हापूरपर्यंत बोलली असती तरी चाललं असतं, आणि ती बोललीही बहुतेक तिथपर्यंतच.

हातकणंगल्याच्या पुढे अंबूमावशीनं पलीकडून काहीतरी विचारलं. आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“न्हाय गं,” ती फोनमध्ये म्हणाली, “रडतोय कशाला? मोठा झालाय आता.”